लॅपटॉपची जुनी एचडी स्क्रीन काढून फुल एचडी टाकायचीय? आधी उघडा, मग पॅनल घ्या

आमचे बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत, मेंटेनन्सचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात, आणि त्यांचा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ वाला. एप्रिलपासूनचे कॉलम बघत मार्चपर्यंत गेलं की एप्रिल डावीकडे गायब, मग परत मागे, परत पुढे. त्यात स्क्रीन जरा तिरकी झाली की रंग उलटेच दिसायला लागतात, म्हणून बाबा मान वाकडी करून बसायचे. मशीन बाकी ठणठणीत होतं, एसएसडी टाकलेली, रॅम वाढवलेली, कीबोर्ड तर इतका छान की तसा आता मिळत नाही. नुसत्या स्क्रीनसाठी चांगला चालता लॅपटॉप काढून टाकायचा हे मला पटेना, म्हणून मी स्क्रीनच बदलली. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं, मग नात्यातल्यांचे अजून तीन करून दिले, आणि दरवेळी लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पॅनल, म्हणजे झाकणातली नुसती स्क्रीन, विकत घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडा. मॉडेल नंबर बघून, दुकानदाराला फोनवर सांगून, ऑनलाइन "याला फिट होईल" असं वाचून घेऊ नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनीनं दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीची पॅनल लावलेली असतात, त्यामुळे तुमच्यात कुठलं आहे ते फक्त तुमच्याच पॅनलच्या मागचं स्टिकर सांगतं.

फरक किती पडतो ते बघा. एचडीचे १३६६ बाय ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल, फुल एचडीचे १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६००, म्हणजे जवळजवळ दुप्पट. १५.६ इंचात ते इंचाला १०० वरून १४१ होतात, आणि मराठी वाचणाऱ्याला हे लगेच जाणवतं, कारण जोडाक्षरं, रफार, अनुस्वाराचा टिंब हे सगळं जुन्या स्क्रीनवर दोन-दोन पिक्सेलमध्ये कोंबलेलं असतं. पण खरं सांगू का, पिक्सेलपेक्षा मोठा फरक टीएन सोडून आयपीएस घेतल्याने पडतो, या पॅनलच्या दोन जाती. टीएनमध्ये वरून-खालून बघितलं की रंग जातात, आयपीएसमध्ये कुठूनही बघा, तसंच दिसतं. म्हणून फुल एचडी घेताना टीएनचं फुल एचडी घेऊ नका, तेही बाजारात असतंच आणि थोडं स्वस्त म्हणून गळ्यात मारतात.

आता उघडायचं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आतली असेल तर खालचं झाकण काढून तिचा कनेक्टर सोडवा, लेनोवोच्या काही थिंकपॅडमध्ये बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो तो वापरा. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. ही पायरी प्लीज टाळू नका. बॅटरी लागलेली असताना स्क्रीनची केबल काढली-लावली आणि दोन पिना क्षणभर जरी एकमेकींना टेकल्या तरी मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा, म्हणजे पॅनलमागच्या उजेडाचा, बारीकसा फ्यूज उडतो, मग नवं पॅनल लावूनही स्क्रीन काळीच, आणि तो फ्यूज बदलायचा म्हणजे बोर्डावर सोल्डरिंगचं काम.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक, आणि स्क्रू ठेवायला वाट्या. स्क्रीनभोवतीच्या प्लास्टिकच्या फ्रेमला बेझल म्हणतात. तिच्या खालच्या कोपऱ्यांत रबरी टिकल्या असतील तर त्यांच्या खाली स्क्रू असतात, ते काढा, मग कार्ड आतल्या कडेने सरकवत लॉक एकेक करून सोडवा, टक टक आवाज येतो, घाबरू नका. वरून सुरुवात करा आणि बिजागरीजवळचा भाग शेवटी. पातळ नव्या लॅपटॉपमध्ये बेझल चिकटवलेली असते, तिथे हेअर ड्रायर कमी गरमवर फिरवून मग हळू उचला. घाम पुसायला नॅपकिन जवळ ठेवा आणि पंखा बारीक करा, आपल्याकडे मे महिन्यात हे काम करताना कपाळावरचा थेंब थेट पॅनलवर पडतो.

पॅनल बाजूच्या स्क्रूंवर बसलेलं असतं किंवा मागे दुहेरी टेप असते. ही ताणायची टेप असते, खाली बाहेर आलेलं टोक धरून स्क्रीनला समांतर हळूहळू ओढायचं, वर नाही खेचायचं, नाहीतर तुटते. पॅनल सुटलं की ते कीबोर्डवर पालथं घाला, खाली मऊ कापड घालून, आणि मागचं स्टिकर वाचा. मोबाइलवर फोटो काढाच, सरळ, स्पष्ट, कनेक्टरसकट.

त्या कोडमध्ये सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं. एयूओ, एलजी, बीओई, इनोलक्स या पॅनल बनवणाऱ्या कंपन्या. एयूओचं पॅनल बी १५६ ने सुरू होतं, १५६ म्हणजे १५.६ इंच, पुढे एक्सटीएन असेल तर साधं एचडी टीएन, एचटीएन असेल तर फुल एचडी पण टीएनच, आणि एचएएन असेल तर फुल एचडी आणि आयपीएससारखं, हेच आपल्याला हवं. एलजीचं एलपी १५६ डब्ल्यूएच म्हणजे एचडी, डब्ल्यूएफ म्हणजे फुल एचडी, त्यातलं एलपी १५६ डब्ल्यूएफ ६ हे आयपीएस आहे. बीओईचं एनटी १५६ डब्ल्यूएचएम म्हणजे एचडी टीएन, एनव्ही १५६ एफएचएम म्हणजे फुल एचडी आयपीएस जातीचं. इनोलक्सचं एन १५६ बीजीई एचडी, एन १५६ एचजीई फुल एचडी टीएन, एन १५६ एचसीई किंवा एचसीए फुल एचडी आयपीएस. १४ इंची असेल तर १५६ च्या जागी १४०, बाकी हिशोब तोच. दुकानात गेल्यावर समोरच्याने काहीही सांगू दे, तुम्ही मागचं स्टिकर बघा.

स्टिकरनंतर कनेक्टर. २०१२-१३ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पॅनलला चित्र पाठवायची एलव्हीडीएस नावाची जुनी पद्धत असते, ४० पिनांची, आणि नंतरच्यात ईडीपी, बहुतेक वेळा ३० पिनांची. इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी डिस्प्ले यांनी डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं की एलव्हीडीएस हळूहळू बंद करणार, म्हणून त्या दोन-तीन वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. या दोन पद्धती एकमेकांशी अजिबात बोलत नाहीत. तुमचा एलव्हीडीएसवाला असेल, उदाहरणार्थ थिंकपॅड टी ४३० किंवा एक्स २३०, तर फुल एचडी करायला वेगळा कन्व्हर्टर बोर्ड लागतो, एक्स २३० मध्ये तर बोर्डावर सोल्डरिंगच करावं लागतं. पहिल्यांदाच करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ४० पिनांचं ईडीपीसुद्धा असतं बरं का, टच स्क्रीनसाठी किंवा १४४ हर्ट्झ आणि फोर-के पॅनलसाठी. ३० वाल्याला ४० वालं बसत नाही. "फोर-केच टाकतो ना मग" असं माझा भाऊ म्हणाला होता, पण त्याला चार लेन (चित्राचा डेटा जायच्या वाटा) लागतात, जुन्या एचडी लॅपटॉपच्या केबलमध्ये तेवढ्या तारा नसतात, आणि १५ इंचात डोळ्यांना फुल एचडी पुरेसं होतं.

लेनचं प्रकरण नीट समजून घ्या कारण मी इथेच फसले. मी कनेक्टर बघितला, ३० पिना, नवं पॅनलही ३० पिनांचं, खूश होऊन लावलं, बॅकलाइट लागला, आणि चित्रच नाही. नुसता उजेड. दुकानदार म्हणाला लॅपटॉपच खराब आहे, जुनं पॅनल परत लावलं तर मस्त चालतंय. दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा कळलं की केबलमध्ये एकच लेन होती.

त्याचं असं आहे की ईडीपीमध्ये चित्राचा डेटा लेनमधून जातो, एक लेन म्हणजे तारांची एक जोडी. त्या काळातल्या लॅपटॉपमध्ये एका लेनचा वेग सेकंदाला २.७ गिगाबिट, त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्ये जातो, हातात राहतात २.१६. आता फुल एचडीचे २०,७३,६०० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, एका पिक्सेलला कमीत कमी १८ बिट, गुणाकार केला तर २.२४ गिगाबिट. मावतच नाही. एचडीला मात्र तोच गुणाकार १.१३ येतो, एका लेनमध्ये आरामात बसतो, म्हणून कंपन्या एचडी मॉडेलच्या केबलमध्ये दुसऱ्या जोडीचे पैसे वाचवतात. लोकलचा डबा भरला की भरला, तसंच हे.

केबलमध्ये किती लेन आहेत ते डोळ्यांनी कळतं. केबलच्या टोकाला कनेक्टरच्या मागची काळी किंवा चंदेरी टेप जपून उचला, टॉर्च मारा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. एका बाजूला शेजारी शेजारी चार तारा दिसतील, त्या बॅकलाइटच्या पॉवरच्या, २६ ते २९ नंबरच्या पिना. त्याच्या विरुद्ध टोकाला डेटाच्या जोड्या असतात. ३ आणि ४ नंबर म्हणजे दुसरी लेन, ६ आणि ७ म्हणजे पहिली लेन, ९ आणि १० म्हणजे ऑक्झिलरी, जिच्यातून पॅनल स्वतःची ओळख सांगतं. म्हणजे त्या टोकाला बारीक तारांच्या तीन जोड्या दिसल्या तर दोन लेनची केबल, फुल एचडी चालेल. दोनच जोड्या दिसल्या आणि ३-४ च्या जागा रिकाम्या, तर केबलही बदलावी लागेल.

केबल मिळते का? तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीनं फुल एचडीचा पर्याय विकला असेल तर त्याची केबल वेगळ्या पार्ट नंबरने मिळते. डेल, एचपी, लेनोवो सगळ्यांचे सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट असतात, त्यात पार्टची यादी बघा, एचडीची केबल आणि फुल एचडीची केबल असे दोन नंबर दिसले की समजायचं. काही मॉडेलमध्ये हा त्रासच नसतो. २०१३ चं थिंकपॅड टी ४४० पी यासाठीच लोकांना आवडतं, एचडीवाल्याच्या त्याच ३० पिनांच्या केबलवर १४ इंची फुल एचडी आयपीएस सरळ चालतं. आणि तुमचं मॉडेल कंपनीनं कधीच फुल एचडीमध्ये विकलं नसेल, केबलही एका लेनची असेल, तर तिथेच थांबा आणि पैसे वाचवा.

माप राहिलं. नुसतं १५.६ इंच म्हणून चालत नाही. जुनी स्लिम पॅनल कानांसकट (स्क्रू लावायच्या बाहेर आलेल्या पट्ट्या) साधारण ३६० मिलिमीटर रुंद असतात, नंतर आलेली बारीक कडेची ३५० च्या आसपास, आणि एकाच्या जागी दुसरं नीट बसत नाही. पट्टी घेऊन मोजा. स्क्रूचे कान वर-खाली आहेत, डाव्या-उजव्या बाजूला आहेत, की कानच नाहीत, हेही बघा. जाडीही बघा, पातळ झाकणात जाड पॅनल दाबून बसवलं की कोपऱ्यात पांढरे डाग दिसतात आणि ते जात नाहीत.

आता खरेदी. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं पण विचारताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. लॅपटॉप सोबत न्या, जुनं पॅनल आत बसवूनच पण बेझल नुसती अडकवून, म्हणजे तिथे पटकन काढता येते. दोन-तीन दुकानांत स्टिकरचा फोटो दाखवून भाव विचारा, आणि विचारताना पूर्ण वाक्य बोला: "पंधरा पॉइंट सहा, फुल एचडी आयपीएस, तीस पिन, कान वर-खाली." असं बोललं की समोरचा कॅटलॉग काढतो आणि उगाच काहीतरी खपवत नाही. रंगांचं काम करत असाल तर ४५ टक्के एनटीएससी आणि ७२ टक्के एनटीएससी यातला फरक विचारा, पॅनल किती रंग दाखवतं त्याचं हे माप. ४५ वाल्यात लाल रंग विटकरी दिसतो, ७२ वालं जवळजवळ पूर्ण एसआरजीबी, म्हणजे फोटो-वेबसाठीचे ठरलेले रंग, दाखवतं. एक्सेल आणि वाचनासाठी ४५ चालतं, फोटोवाल्यांनी ७२ च घ्यावं. ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात, २२० निट्सचं आणि ३०० निट्सचं यात खिडकीजवळ बसणाऱ्याला फरक कळतो.

पैसे द्यायच्या आधी तिथेच लावून बघा. वरची संरक्षक फिल्म काढू नका, कारण ती काढली की बरेच दुकानदार परत घेत नाहीत. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे फोटो मोबाइलवरून लॅपटॉपवर आधीच टाकून ठेवा आणि फुल स्क्रीन करून एकेक बघा, मेलेला पिक्सेल काळ्या-पांढऱ्यावर लगेच दिसतो. बिलावर पॅनलचा कोड आणि किती दिवसांत बदलून मिळेल ते लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका, मी राहिले होते.

नुसतं पॅनल घेऊन येणार असाल तर घरी आणणं हेही एक काम आहे. मी बोरिवलीची, संध्याकाळी सहाच्या गर्दीत पॅनल घेऊन चढायचं म्हणजे ते फुटलंच समजा. दुपारी बाराला जा, चारच्या आत परत निघा. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा, पावसाळ्यात वर प्लास्टिक, आणि छातीशी उभं धरा. वरच्या रॅकवर ठेवू नका, कोणीतरी त्यावर आपली बॅग टाकतंच.

बसवताना उलटा क्रम. जुनं पॅनल काढताना कनेक्टरवरची पारदर्शक टेप सोलली, काहींना बारीक धातूची कडी असते ती उचलली, आणि कनेक्टर पॅनलच्या पृष्ठभागाला समांतर सरकवून बाहेर काढला, तसाच नवा आत सरकवायचा, वरून दाबून नाही. सरळ बसला की दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, एक बाजू बाहेर राहिली असेल तर काढून परत लावा. कडी खाली, टेप परत. मग लगेच बेझल लावू नका. पॅनल हाताने आधार देऊन उभं ठेवा, बॅटरी जोडा, चालू करा. चित्र आलं, ब्राइटनेस बटणांनी कमी-जास्त झाला, झाकण हळू पुढे-मागे हलवून चित्र थरथरलं नाही, असं सगळं बघून बंद करा, बॅटरी परत काढा, स्क्रू लावा, आणि बेझल दाबण्याआधी कॅमेऱ्याची तार आणि वायफायच्या अँटेनाच्या तारा त्यांच्या खाचेत आहेत ना ते बघा. बिजागरीत तार चिमटली की दोन महिन्यांनी स्क्रीन जाते आणि तेव्हा कारण आठवत नाही.

काही आलंच नाही तर घाबरायच्या आधी कनेक्टर परत बसवा, दहातल्या बहुतेक वेळा तोच नीट बसलेला नसतो. उजेड आहे पण चित्र नाही, तर लेनचा संशय. चित्र आहे पण अगदी अंधुक, टॉर्च मारल्यावरच दिसतं, तर बॅकलाइटचा फ्यूज किंवा केबल. आडव्या-उभ्या रेघा असतील तर बाहेरचा मॉनिटर जोडून बघा, तिथे नीट दिसलं तर दोष पॅनलचा किंवा केबलचा.

विंडोज नवं रिझोल्यूशन स्वतःच ओळखतं, ड्रायव्हर शोधत बसू नका. पण पहिल्यांदा चालू केल्यावर घरातले मोठे हमखास म्हणतात की अक्षरं बारीक झाली. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. तसं केलं तरी जागा १५३६ बाय ८६४ इतकी मिळते, म्हणजे जुन्यापेक्षा जास्तच, आणि अक्षरं सुबक. रिझोल्यूशन कमी करून अक्षरं मोठी करू नका, मग सगळं धूसर होतं आणि पैसे वाया. बाबांना मी १२५ लावून दिलंय, एप्रिल ते मार्च बारा कॉलम आणि शेवटची बेरीज एका नजरेत दिसते, आणि ते आता सरळ बसतात.

जुनं पॅनल चालू असेल तर टाकून देऊ नका. नव्याच्याच पुठ्ठ्यात गुंडाळून, वर कोड लिहून, कपाटात उभं ठेवा. पुढच्या वेळी कोणाच्या लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली की दोष पॅनलचा की बोर्डाचा हे तपासायला ते पाच मिनिटांत उपयोगी पडतं, माझ्याकडचं आत्तापर्यंत दोनदा कामाला आलंय.